मुठीतलं भस्म

लोहा मागे पडलं, एसटीने जरा वेग घेतला आणि शेजारच्या बाईच्या मोबाइलमधून सुकन्याला स्वतःचं नाव ऐकू आलं. नुसतं नाव असतं तर तिने मानही वळवली नसती, सुकन्या नावाच्या बायका मराठवाड्यात काय कमी आहेत! पण मोबाइलमधला पोरगा 'मुलीची काकू सुकन्या' असं नात्यासकट म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "तर मित्रांनो, प्रश्न असा आहे की टँकर आला तेव्हा ही काकू नेमकी होती कुठे?" सुकन्या खिडकीशी बसली होती. बाहेर हरभरा, तूर, मध्येच एखादं गुऱ्हाळ, पुन्हा हरभरा. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत स्वतःच्या दुकानातून आणलेलं स्टीलचं चोचीचं फुलपात्र होतं, पडून राहिलेल्या माणसाला पाणी पाजायचं. तिने पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. मग खरं सांगायचं तर तिला पहिला राग आला तो फोटोचा. नऊ वर्षांपूर्वी पेपरात आलेला तो फोटो, केस सुटलेले, तोंड उघडं, पदर कुठल्या कुठे. सगळ्या जगाला दाखवायला यांना तोच सापडतो. दुसरा राग आला तो त्या पोराच्या आवाजाचा. त्या आवाजाला कसली शंका म्हणून नव्हती.

शेजारची बाई तिच्याकडे वळून म्हणाली, "बघून राहिलीस का माय? बघ, बघ. लई चांगलं सांगतो हा पोरगा." भोकरहून आलेली, साठीच्या पुढची, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, मांडीवर हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी. नांदेडच्या स्टँडवर बसल्यापासून तिने स्वतःची सगळी ओळख करून दिली होती: नाव सिंधू, घरची जमीन, दोन लेकरं शेतात, लेक चाकूरला दिलेली, तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत म्हणून चालली. तिच्या घरच्या हरभऱ्याला घाटे कसे दाट लागतात तेही सांगून झालं होतं, आणि तिखट नको असेल तर नुसतेच खा म्हणून अर्धी जुडी सुकन्याच्या ओंजळीत कोंबून झाली होती. सुकन्याने ते हरभरे खाल्लेही होते. आता टरफलं तशीच तिच्या मुठीत होती आणि सिंधूबाई तिला तिचीच गोष्ट सांगत होत्या. "लातूरची केस हाय. सात वर्साची पोर गं. घरच्याच माणसाचं काम हाय ते, हाव, पक्कं. काकूनं केलं. वांझोटी होती म्हणतेत. नरबळी दिला."

सुकन्याला माणसं ओळखता येत. निदान तिचा तसा समज होता, आणि तो समज मोडायची संधी नांदेडने तिला फारशी दिली नव्हती. वजिराबादेतल्या भांड्यांच्या दुकानाची पायरी चढणारी बाई कुकर घेणार की नुसते डबे हाताळून परत जाणार हे ती चपलेवरून सांगे. नवरा, सिद्धेश्वर, हसत असे. पण दहात नऊ वेळा तिचं खरं ठरे आणि दहाव्या वेळी गिऱ्हाईकच चुकलं असं ती म्हणे. सिंधूबाईंनाही तिने स्टँडवरच ओळखलं होतं: भाबडी, बडबडी, हाताची सढळ. त्यात आताही काही बदल करावा असं तिला वाटेना. बाई सढळच होती. हरभरे दिले तसा निकालही देत होती, तितक्याच मोकळ्या हाताने.

या मोबाइलवाल्या मंडळींना मेलेलं लेकरू लागतं आणि एक बंद घर लागतं, बाकीचं सगळं ते घरून आणतात, हे सुकन्याला आता पाठ झालं होतं. पहिल्या वर्षी काकाने केलं असं होतं. मग आजोळच्यांनी केलं. मग बापाने, दुसरं लग्न करायचं होतं म्हणून. उमाशंकर भाऊजींनी, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांनी, दुसरं लग्न केलंच नाही, तेव्हा तो सिद्धांत आपोआप बंद पडला आणि त्याबद्दल कुणी भाऊजींची माफी मागितली नाही. आता पाळी काकूची. एक दिवस हे फिरत फिरत अव्वापर्यंत, म्हणजे सासूबाईंपर्यंत जाणार, ती मनाशी म्हणायची, आणि मग घरातलं कुणी उरणार नाही, तेव्हा दमतील. आपल्याला मात्र ठाऊक आहे. बाहेरच्या माणसाने केलं. त्या गर्दीतल्या कुणी तरी केलं. हे ती इतक्या ठामपणे म्हणत आली होती की हे तिला कसं ठाऊक आहे, असं स्वतःला विचारायची गरज तिला पडली नव्हती.

ती गर्दी पाण्याची होती. लातूरला रेल्वेने पाणी आणलं तो उन्हाळा. गल्लीत टँकर यायचा तो सांगून येत नसे. कोपऱ्यावर भोंगा वाजला की घराघरातून माणसं घागरी, बादल्या, डबे, सापडेल ते घेऊन धावत. त्या दिवशीही धावली. सिद्धेश्वर पाइप घेऊन टँकरवर चढला. भाऊजी पिंप ढकलत होते. अव्वा, पार्वतम्मा, घागरीशेजारी उभी राहून रांगेतल्या बायकांशी भांडत होती, आणि तिच्याइतकं रांगेत कुणी भांडू शकत नसे. सुकन्या घरातून कोपऱ्यावर आणि कोपऱ्यावरून घरात कळशा वाहत होती. भाऊजींची सात वर्षांची शिवांगी पायरीवर बसली होती. "इथनं हालू नको," असं सुकन्या म्हणाली. आपण एकट्याच म्हणालो असं तिला वाटत होतं. पुढे पोलिसांनी एकेकाला वेगळं बसवून विचारलं तेव्हा कळलं की चौघंही जाता येता तिला तेच म्हणाले होते, आणि चौघांनाही वाटलं होतं की बाकीचे तिघं बघताहेत. कितव्या खेपेला पायरी रिकामी दिसली ते सुकन्याला कधीच आठवलं नाही. पाणी भरून झाल्यावर शोधाशोध सुरू झाली. हे 'भरून झाल्यावर' तिला अजून टोचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या बंद दाळ मिलच्या कोरड्या हौदात पोर सापडली. गळा दाबला होता, एवढं सरकारी दवाखान्याने लिहून दिलं. त्यापुढे पोलिसांनाही काही सापडलं नाही.

शिवांगीला पायरीवर बसून पायाचे अंगठे मोजायची सवय होती. दोनच अंगठे, पण ती मोजायची. झोपताना सुकन्याच्या गळ्यातली लहान डबी मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. त्यांच्या घरची रीत अशी की मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याचं इष्टलिंग बांधून जात, पण सात-आठ वर्षांनी दीक्षा होईपर्यंत ते मुलाच्या गळ्यात राहत नसे, त्याला वाढवणाऱ्या बाईच्या गळ्यात राही: बाईचं स्वतःचं लिंग मोठ्या चांदीच्या डबीत, लेकराचं लहान डबीत. शिवांगीची आई काविळीने गेली तेव्हा पोर जेमतेम बसायला लागली होती. अव्वाने थोरलीच्या गळ्यातला लहान डबीचा दोरा सोडला आणि धाकटीच्या, म्हणजे सुकन्याच्या, गळ्यात बांधला. आई होण्याचा एवढाच विधी झाला. ना डोहाळे, ना बारसं. पण सुकन्याला त्याहून मोठा मान आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि ती डबी छातीवर घेऊन ती गल्लीतून अशी चालायची की बघणाऱ्याला हसू यावं.

"हे बघ, हे बघ," सिंधूबाईंनी मोबाइल तिच्या नाकाशी आणला. फोटोतल्या तिच्या गळ्याभोवती त्या पोराने लाल गोल काढला होता. गोलात दोन डब्या. "पोरीच्या गळ्यातलं देवाचं काढून सवताच्या गळ्यात घातलं बघ त्या सटवीनं. आधी देव काढला, मंग मारलं. देवाचं राखण नगं म्हणून." सुकन्या बघत राहिली. अडाणी म्हणावं तर पोरगा चांगला शिकलेला वाटत होता. साध्या एका रीतीवरून त्याने फास विणला होता, आणि विणकामात कुठे टाका चुकला नव्हता. चुकीच्या धाग्यावरसुद्धा किती सुबक वीण येते! तिला हसायला आलं आणि तिने ओठ दाबून धरले.

मग तो पोरगा म्हणाला, आता हे बघा, आणि रुद्रभूमीतली, म्हणजे त्यांच्या दफनभूमीतली, चित्रफीत सुरू झाली. निलंग्याच्या कुणा पाहुण्याने तेव्हा मोबाइलवर घेतलेली, हललेली, माणसांच्या खांद्यांवरून. सुकन्याने ती कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती फाटकापाशी पाठ करून उभी होती. खड्डा, माती, स्वामींचा आवाज, सगळं तिने पाठीने ऐकलं होतं. आता बघायचं नाही असं ठरवून ती बघत राहिली. खड्ड्यात मांडी घालून बसवलेली शिवांगी. "आमच्यात बी लेकरास्नी पुरतेत, पण आडवं," सिंधूबाई म्हणाल्या. "हे बसवून पुरलं. बसवून कुणी पुरतं का माय?" आम्ही पुरतो, सुकन्या मनात म्हणाली. खड्ड्यात उतरलेले भाऊजी वाकले होते, त्यांची पाठच दिसत होती. ते बाजूला झाले, आणि त्या पोराने चित्र थांबवून शिवांगीच्या डाव्या तळहाताभोवती लाल गोल काढला. तळहातात पांढरा गोळा होता. "राख, मित्रांनो! मेलेल्या मुलीच्या हातात राख! हा कुठला विधी?"

भस्म होतं ते, हे सुकन्याला लगेच कळलं. पण तिला जे कळलं ते त्या पोराला सात जन्मांत कळलं नसतं. भस्म अंगाला लावतात, कपाळाला लावतात. तळहातात भस्म ठेवत नाहीत. तळहातात ज्याचं त्याचं लिंग ठेवतात, आणि त्याच्यासकट माणूस मातीत जातो. शिवांगीचं लिंग सुकन्याच्या गळ्यात होतं आणि मढं घरून हलायच्या आधी अव्वाने स्वतःच्या हाताने दोरा तोडून ते काढून घेतलं होतं. दोरा तुटताना मानेला काचलेलं सुकन्याला आठवलं. अव्वाने नेलं होतं. मग ते कुठे गेलं?

नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं ती समजत होती की लहान डबी शिवांगीच्या मुठीत आहे. झोप येत नसे तेव्हा ती तेवढ्यावर स्वतःला निजवत असे: तिच्या मुठीत आहे, झोपेल ती. आणि मुठीत होता भस्माचा गोळा, पहिल्या ओलीबरोबर विरघळून जाणारा.

बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. चहावाले ओरडत खिडक्यांखालून गेले. सुकन्या हलली नाही. तिचं डोकं चालू झालं होतं, आणि ते चांगलं चालतं याचा तिला अभिमान होता. अव्वाने लिंग का ठेवून घेतलं? एक: माझ्या गळ्यात होतं म्हणून. माझा हात विटाळला असं तिला वाटलं. म्हणजे तिच्या मते मीच. नऊ वर्षं ती घरातल्या कुणाच्या हातचं पाणी घेत नाही, हे सगळे दुःख म्हणून सोडून देत आले. पण दुःखाला हातांचं काय वावडं? दोन: अव्वानेच. रांगेत भांडत होती म्हणतात, पण सगळा वेळ होती का? भांडण ऐकलं, भांडणारी कुणी पाहिली? तीन: भाऊजी. खड्ड्यात तेच होते. तळहात त्यांनी पाहिला. पाहून गप्प बसले. का गप्प बसले? एकेक कडी दुसरीत अडकत गेली, आणि सुकन्याच्या लक्षात आलं की तिला मजा वाटते आहे. भीती होती, आणि तिच्या तळाशी अगदी स्पष्ट अशी मजा होती, कुलपाला किल्ली बसावी तशी. मोबाइलमधल्या पोराच्या आवाजात शंका का नव्हती ते तिला कळलं. तिने मूठ उघडली. टरफलांनी तळव्यावर वळ उठले होते.

आणि ती चालली होती कशासाठी, तर पाणी पाजायला. महिन्यापूर्वी अव्वा न्हाणीत पडली, खुबा मोडला, तेव्हापासून पलंगावर. आधी स्वतः उठून माठातून घ्यायची, स्वतःचा तांब्या स्वतः घासायची. आता ते राहिलं नाही, म्हणून निलंग्याच्या बाजूची बसम्मा नावाची बाई ठेवली; परक्या हाताला अव्वाची हरकत नव्हती. काल बसम्मा भाचीच्या लग्नाला गेली, आणि कालपासून अव्वाने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. भाऊजींनी फोन केला. ते फोनवर कधी फार बोलत नसत. "डॉक्टर म्हणाले, पाणी न्हाई गेलं तर अवघड हाय. माझ्या हातचं घेईना. तू येऊन बघतीस का? घेतलं तर तुझ्या हातचं घेईल." का घेईल, ते त्यांनी सांगितलं नाही. सुकन्याने मोठ्या ऐटीत सांगितलं, मी आले की घेईल. दुकानातलं सगळ्यात चांगलं फुलपात्र तिने स्वतः निवडलं. आता ते पिशवीत होतं आणि तिला वाटत होतं, घेतलं नाही तर? मी तोंडाशी नेलं आणि म्हातारीने ओठ मिटून घेतले तर त्या लाल गोलाची आणि माझी गाठ कायमची पडली. मग मोबाइलमधला पोरगा आणि अव्वा, दोघांत काही फरक उरत नाही.

चाकूर आलं. सिंधूबाईंनी डहाळ्यांची उरलेली जुडी बांधली, मोबाइल कमरेला खोचला. "येते माय. तू लातूरलाच का?"

"हो. त्याच घरी चालले मी," सुकन्या म्हणाली. असं काही बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. "ती काकू मीच आहे."

सिंधूबाई उठता उठता बसल्या. बस थांबली, माणसं उतरायला लागली, कंडक्टर ओरडला. त्यांनी सुकन्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, फोटो आठवून ताडून बघावं तसं, आणि मग गळ्याकडे पाहिलं, जिथे आता एकच डबी होती. सुकन्याला वाटलं आता ही माफी मागेल, नाहीतर किंचाळेल; या दोहोंपैकी काय, ते तिने ओळखूनही ठेवलं होतं. सिंधूबाईंनी दोन्हीतलं काही केलं नाही.

"तूच मारलीस का गं?" त्यांनी विचारलं, भाजीचा भाव विचारावा इतकं सरळ.

"नाही."

"मी असती तर मेलीच असती माय, असलं ऐकून," सिंधूबाई म्हणाल्या. डहाळ्यांची जुडी त्यांनी सुकन्याच्या मांडीवर ठेवली, पिशवीवर. "जा. घरी लेकरं असतील त्यास्नी दे." आणि उतरून गेल्या. लेकरं नाहीत हे मोबाइलवर ऐकूनही विसरल्या होत्या.

पुढे लातूरपर्यंत सुकन्या एकाच गोष्टीचा विचार करत राहिली: हे कुणी विचारलंच नव्हतं. पोलिसांनी कुठे होतीस विचारलं, काय बघितलंस विचारलं. पेपरवाल्यांनी काय वाटतं विचारलं. घरात तर कुणी काहीच विचारलं नाही. दोघं बोलत असताना तिसरं आलं की दोघं गप्प होत, एवढंच. सिद्धेश्वरने एक दिवस नुसतं म्हटलं, नांदेडला जाऊ. तिनेही कुणाला विचारलं नव्हतं. आपण कुणावर संशय घेत नाही म्हणून विचारत नाही, असं ती समजत होती. खरं म्हणजे उत्तर ऐकायची छाती नव्हती.

गंजगोलाईच्या मागचं ते घर तसंच होतं. पायरी तशीच. भाऊजी दारात उभे होते, खूप वाळलेले, दाढी वाढलेली. "सकाळपासून डोळेबी उघडंना," म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. फुलपात्र तेवढं काढून घेऊन सुकन्या थेट आत गेली. अव्वा पलंगावर होती, एवढीशी झालेली. ओठांना भेगा पडल्या होत्या. शेजारच्या स्टुलावर भाऊजींनी भरून ठेवलेला पेला तसाच भरलेला. सुकन्याने नवं फुलपात्र धुतलं, माठातलं पाणी भरलं, आणि पलंगाच्या कडेला बसली. पाणी पुढे केलं असतं तर काय ते तिथेच ठरलं असतं. तिने केलं नाही. तिने ते मांडीवर धरलं आणि विचारलं, "अव्वा, शिवांगीचं लिंग कुठं हाय?"

अव्वाचे डोळे उघडले. मग तिचा हात हळूहळू गळ्याकडे गेला, लुगड्याच्या आत, आणि दोन दोरे बाहेर आले. मोठी डबी, आणि लहान डबी. घासून घासून तिच्यावरची वेलबुट्टी पुसली होती.

"तू इचारलंस," अव्वा म्हणाली. आवाज कोरडा होता, पण त्यात रांगेत भांडणारी बाई अजून होती. "नऊ वर्सं बसले मी वाट बघत. स्वामीला म्हटलं, हरवलं. त्यानी भस्माचा गोळा ठिवला हातात. मी ठरवलं होतं. घरातल्या ज्यानं केलं आसल, त्याला लिंगाचं भ्या आसल. त्यो त्याचं नाव काढणार न्हाई. ज्याचा जीव हाय पोरीवर, त्यो एक दिवस तरी इचारल, कुठं हाय म्हणून. कुण्णी इचारलं न्हाई गं. तू न्हाई, सिद्धू न्हाई, बाप न्हाई. मंग मी कुणाच्या हातचं पाणी पिऊ?" तिला धाप लागली. लहान डबीचा दोरा तिने डोक्यावरून काढला आणि सुकन्यापुढे धरला. "घे. तुझं हाय. आता पाज मला."

सुकन्याच्या सगळ्या अंगाने ती डबी मागितली. मानेवर जिथे दोरा काचला होता ती जागा चुरचुरली. निकाल लागला होता, तिच्या बाजूने लागला होता, आणि ज्या एका माणसाने लावावा असं तिला नऊ वर्षं वाटत होतं त्याच माणसाने लावला होता. हात पुढे करायचा आणि पाणी पाजायचं, बस्स. म्हातारी जगणार होती. पण दाराशी भाऊजी उभे होते, हातात पिशवी तशीच घेऊन, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते कसे उभे होते ते सुकन्याने पाहिलं. डबी घेतली तर सुकन्या सुटत होती आणि ज्याने कधी विचारलं नव्हतं तो माणूस, त्या पोरीचा बाप, कायमचा अडकत होता. मोबाइलमधल्या पोराने रीत माहीत नसताना फास विणला होता; अव्वाने रीतीचाच विणला होता, इतकाच फरक.

"अव्वा, मी विचारलं नसतं," ती म्हणाली. "मला वाटत होतं पोरीच्या हातात हाय. आज गाडीत एका बाईच्या मोबाइलवर बघितलं, त्यात हातात भस्म दिसलं. तेव्हा कळलं. न्हाईतर मरेपर्यंत विचारलं नसतं मी. आणि पोरीवर माझा जीव होता." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मी केलं न्हाई. हे कधी कुणी विचारलं न्हाई म्हणून सांगितलं न्हाई. आता सांगते. मी केलं न्हाई, अव्वा."

अव्वाचा हात हवेतच राहिला. डबी दोऱ्याला लटकत होती. मग ती दाराकडे बघून म्हणाली, "आन तू? तू तर खड्ड्यात उतरला होतास. तुला तर दिसलं होतं."

"दिसलं होतं," उमाशंकर म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तुझ्या गळ्यात दोन दोरे हायत हे त्याच दिवशी दिसलं होतं मला. रोजच दिसतंय."

"मंग इचारलं का न्हाईस?"

"इचारून काय करणार होतो? मागून घेणार होतो का?" ते बोलायला सरावलेले नव्हते, शब्द एकेक करून येत होते. "तुझ्यापाशी तेवढंच राहिलं होतं. राहू दे म्हटलं. रात्री तू ते मुठीत धरून झोपतीस, पोर धरायची तसं. मी बघतो की. मलाबी बरं वाटायचं बघून."

बाहेर गल्लीत कुणाचा तरी गाडा गेला. शिवांगीला कुणी मारलं ते त्या तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, काल नव्हतं तितकंच आजही नव्हतं. अव्वाने डबी पुन्हा गळ्यात घालायचा प्रयत्न केला, हात वर जाईना, तेव्हा सुकन्याने दोरा तिच्या डोक्यावरून घालून दिला आणि लुगडं नीट केलं. फुलपात्र तिने भाऊजींच्या हातात दिलं. ते घेऊन उमाशंकर पुढे आले आणि नऊ वर्षांच्या सवयीने ते स्टुलावर ठेवून मागे सरकले.

"तिथं नगं ठिवू," अव्वा म्हणाली. "पाज."

त्यांना पाजता येत नव्हतं. चोच ओठांत नीट बसली नाही, अर्धं पाणी हनुवटीवरून मानेवर आणि तिथून उशीवर गेलं. त्या उन्हाळ्यापासून या घरात पाण्याचा थेंब सांडला तरी अव्वा घर डोक्यावर घेत असे. आज ती डोळे मिटून घोट घेत राहिली, आणि सांडलेल्याबद्दल काही बोलली नाही.